पन्नास दिवसांचा सण

ईस्टर, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, समजून घ्यायचा असेल तर रविवार सकाळच्या मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) शनिवार रात्रीचा जागरण-विधी नीट पाहावा. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. धुपाचे पाच खडे क्रूसात खोचतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून. मग 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं तीनदा गात मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात आणि तिच्यावरून लोकांच्या मेणबत्त्या पेटत जातात.

इथे एक चूक सर्रास होते. लोकांच्या सोयीसाठी विधी उजेडातच सुरू केला जातो. नियम स्पष्ट आहे: रात्र पडल्यावर सुरुवात, पहाट होण्याआधी शेवट. दिवसाउजेडी त्या ज्योतीला कशावर मात करायची असते? मेणबत्तीही खऱ्या मेणाची आणि दरवर्षी नवी हवी. आत तेलाची नळी बसवलेली प्लॅस्टिकची मेणबत्ती चालत नाही. बायबलच्या जुन्या करारातली सात वाचनं वेळेअभावी कमी करता येतात, पण इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्याचं, 'निर्गम' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं वाचन कधीच गाळायचं नाही. पाण्यातून पार होऊन गुलामीतून सुटणं हाच आपल्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या जलसंस्काराचा, अर्थ, म्हणून.

सगळ्या विधीचा गाभाही बाप्तिस्माच आहे. संत पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालावं म्हणून. त्यामुळे त्या रात्री आपण सैतानाचा त्याग आणि विश्वासाचा स्वीकार पुन्हा मोठ्याने बोलून दाखवतो. आपण लहान असताना आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेली उत्तरं आता आपली आपण द्यायची असतात. ती पुटपुटून उरकली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. शुक्रवारीच ती घरी वाचून ठेवावीत आणि त्याग नेमका कशाचा करायचा आहे, हे मनाशी नाव घेऊन ठरवावं.

एवढं करून सोमवारी सगळं थंडावतं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आपण निष्ठेने पाळतो, पण पुनरुत्थानकाळ त्याहून मोठा आहे हे विसरतो: ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस. २०२६ मध्ये ५ एप्रिल ते २४ मे. ख्रिस्तसभा हे दिवस जणू एकच मोठा रविवार मानते. वसईत याच सुमारास लग्नांची गडबड सुरू होते आणि सण मंडपात हरवतो. उपवासकाळात दारू सोडली, अबोला मोडला, दानाची पेटी भरली, तर ईस्टरनंतर त्यातलं एक तरी पुढे चालू राहिलं पाहिजे. नाहीतर तो नुसता संयमाचा सराव झाला.

पन्नास दिवस पाळायला फार काही लागत नाही. मिस्सेत रोज बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचलं जातं, तोच भाग घरीही वाचावा. अठ्ठावीस अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी वेळ उरतो. एरवीच्या 'देवदूताच्या प्रार्थने'ऐवजी या काळात 'स्वर्गाच्या राणी' ही मारियेची प्रार्थना म्हणतात. जागरण-विधीत आशीर्वादित केलेलं पाणी घरी आणून ठेवावं आणि क्रूसाची खूण करताना वापरावं.

पेंटेकॉस्टनंतर पास्काची मेणबत्ती वेदीजवळून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवतात आणि अंत्यविधीला ती शवपेटीजवळ ठेवतात. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौल करिंथकरांना लिहितो. शवपेटीजवळ ही मेणबत्ती लावताना आपण त्याच वाक्यावर सगळा भार टाकलेला असतो.

स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख बहुतेकांना ठाऊक नसते. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत ती मिळते. नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख घेऊन चर्चच्या कचेरीत जावं. तारीख मिळाली की घरच्या कॅलेंडरवर वाढदिवसाच्या जोडीने लिहावी.