पांढरी चार

गेली चार वर्षे महिन्यातले दोन रविवार मी आणि माझे तबलजी मित्र कोल्हापुरातल्याच एका वृद्धाश्रमात आणि एका रुग्णालयात वादनासाठी जातो. आरंभीच्या सहा महिन्यांत आमच्या हातून एक साधीच चूक सतत होत राहिली आणि ती आमच्या ध्यानात आली नाही. भजनी मंडळात बायकांना साथ करताना बसलेल्या सवयीने मी पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, षड्ज (सा) म्हणून धरत असे. आज्या पहिली ओळ उत्साहाने उचलत आणि अंतऱ्याला पोचता पोचता एकेक करून गप्प होत. त्यांना गाणे आठवत नसावे, असा आम्ही समज करून घेतला होता.

गाणे त्यांना पाठ होते, आवाज मात्र तिथवर पोचत नव्हता. उतारवयात स्त्रियांचा आवाज खाली उतरतो आणि पुरुषांचा काहीसा वर सरकतो. हे ठाऊक असूनही मी त्याचा कधी विचार केला नव्हता. एका रविवारी काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली, पांढरी चारवर आलो आणि तेच पद पुन्हा घेतले. अंतरा संपेपर्यंत एकही आवाज गळला नाही, आणि एरवी भिंतीला टेकून नुसते ऐकणारे दोन आजोबाही एक सप्तक खाली गुणगुणू लागले. या बदलाचा भुर्दंड तबलजींना पडला, कारण काळी चारचा तबला इतका उतरवला की त्याची आस, म्हणजे थापेनंतर घुमणारा नाद, मरते. आता ते मोठ्या तोंडाचा दुसरा तबला खांद्यावर घेऊन जिने चढतात आणि त्याबद्दल मला दरवेळी ऐकवतात.

आवाजाच्या मर्यादेवरून कोल्हापूरकराला थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. अतिगायनामुळे ऐन उमेदीत त्यांचा मूळचा आवाज गेला, आणि जो उरला त्याला साजेशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. पुढे शाहू महाराजांच्या दरबारात तीच नावारूपाला आली. आमचे काम त्या मानाने अगदी किरकोळ आहे. तरी उरलेल्या आवाजाप्रमाणे गाणे बेतावे, एवढे तरी त्यातून घेता येते.

काय वाजवावे, हे आम्ही ठरवत नाही. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांची कोवळी वर्षे रेडिओभोवती गेली. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, तेव्हा ही मंडळी शाळेत होती किंवा नुकतीच संसाराला लागली होती. त्या वयात कानांवर पडलेले सर्वांत जास्त टिकते, याचा प्रत्यय आम्हाला दरवेळी येतो. एका आजोबांनी गाणे सोडून सकाळी केंद्र सुरू होतानाची धून मागितली. वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये बांधलेली, शिवरंजनी रागाच्या सुरांतली ती धून मी पेटीवर जमेल तशी वाजवली. ती संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता निवेदक बोलेल, अशा अपेक्षेने सगळे क्षणभर तसेच बसून राहिले.

रुग्णालयाची गोष्ट वेगळी आहे. तेथे आम्ही तबला नेतच नाही. तबला सुरात लावतानाची हातोडीची ठकठक आजारी माणसाच्या कानाला काय करते, हे पहिल्याच दिवशी एका रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचले होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा आवाजाची मर्यादा ५० डेसिबल असते, म्हणून ध्वनिवर्धकाचा प्रश्नच येत नाही. मी पेटीचा एकच सूरपट्टा उघडतो, भाता निम्माच हलवतो, परिचारिकेला विचारून खाटेपाशी बसतो आणि दहा मिनिटांत उठतो. कोणी मान वळवली किंवा डोळे घट्ट मिटले, तर त्याआधीही.

निवडीचा खरा पेच तेथेच पडतो. आपल्याकडे भजनात देह नाशिवंत असल्याचे सांगणारी पदे इतकी लोकप्रिय आहेत की ती बोटांतून आपोआप येतात. पण ज्याच्या नाकात नळी आहे त्याला हे कोणी सांगायला नको, असे माझे मत आहे. याच विचाराने मी भैरवीही वर्ज्य केली होती. मैफल भैरवीने संपते, आणि कोणाच्या उशाशी बसून तो संकेत देणे मला अशुभ नाही तरी उद्धट वाटे.

मागच्या महिन्यात खिडकीजवळच्या खाटेवरच्या एका आजींसमोर यमनाची एक धून वाजवून मी पेटीची खिटी लावू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"अरं बाळा, भैरवी ऱ्हायली की."

मी म्हटले, "आजी, पुढच्या वेळी वाजवीन."

"पुढच्या येळंला पुढची वाजीव. आजची आज होऊ दे."

मी खिटी काढली. त्यांनी स्वतःच खालचा षड्ज लावून दाखवला. तो पांढरी चारच्याही खाली, थेट काळी दोनवर होता.