तुम्ही विचारलंत म्हणून: सेंद्रिय रसायनशास्त्रात आता नवीन काय उरले आहे?

मी सेंद्रिय संश्लेषणात काम करते असे सांगितले, की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कार्बनच्या संयुगांचा अभ्यास इतकी वर्षे चालू आहे, कागदावर काढलेला जवळजवळ कोणताही रेणू आज तयार करता येतो, मग या विषयात शोधण्यासारखे उरले काय? नवी औषधे शोधण्याचे काम आता जीवशास्त्राचे आणि संगणकाचे नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. रेणू एकदा तयार करून दाखवणे आणि तो हवा तेव्हा, हवा तितका, शुद्ध स्वरूपात तयार करणे यांत फार मोठे अंतर आहे. कोणता रेणू औषध म्हणून तपासला जाईल आणि कोणता कागदावरच राहील, हे पुष्कळदा याच अंतरात ठरते.

औषध-संशोधनातले रसायनतज्ज्ञ प्रत्यक्षात कोणत्या अभिक्रिया वापरतात, याचे एक विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झाले. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अभिक्रियांपैकी एकही आधीच्या वीस वर्षांत शोधली गेलेली नव्हती, असे त्यात आढळले. त्यातल्या त्यात नव्या म्हणाव्यात अशा दोनच होत्या, सुझुकी-मियाउरा आणि बुखवाल्ड-हार्टविग, आणि त्या दोन्ही पॅलेडियम या धातूच्या उत्प्रेरकाच्या आधाराने चालतात. सुझुकी अभिक्रियेत एका तुकड्यावर बोरॉन आणि दुसऱ्यावर ब्रोमीनसारखा हॅलोजन असतो. पॅलेडियम आधी कार्बन आणि हॅलोजन यांच्यामध्ये शिरते, मग बोरॉनकडचा कार्बन गट स्वतःकडे ओढून घेते, दोन्ही कार्बन एकमेकांना जोडते आणि पुढच्या फेरीसाठी मोकळे होते. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पॅलेडियमच्या या जोडणीच्या कामासाठी, आणि ते सर्वार्थाने योग्यच होते. मात्र ही अभिक्रिया इतकी भरवशाची आहे, की सपाट वलये एकमेकांना जोडून तयार होणारे रेणू औषध-संशोधनात प्रमाणाबाहेर दिसू लागले. प्रथिनांमधल्या ज्या खाचांत औषधाने बसायचे त्या त्रिमितीय असतात आणि आपण मात्र सपाट रेणूंनी त्या भरू पाहतो. यात रसायनतज्ज्ञांना दोष देता येणार नाही. ज्यांना थोड्या अवधीत एकाच रेणूची अनेक रूपे तपासायची असतात, ते न फसणारी अभिक्रियाच निवडणार. म्हणून माझे उत्तर असे आहे: उरले आहे ते हे, की आज अवघड असलेले बंध उद्या तितक्याच भरवशाने जोडता आले पाहिजेत.

यात सर्वात जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न रेणूच्या बाजूचा आहे. अनेक रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखे असतात: घटक तेच, बंध तेच, पण एक रूप दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. शरीरातली प्रथिने स्वतः एकाच बाजूची असल्यामुळे त्यांना हा फरक लगेच कळतो. फार काळ असे मानले जात होते, की एकच बाजू निवडून तयार करायची तर धातूचा उत्प्रेरक हवा किंवा एन्झाइम हवे. 2000 साली बेन्जामिन लिस्ट यांनी प्रोलीन या साध्या अमायनो आम्लाने आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी स्वतः घडवलेल्या एका लहान सेंद्रिय रेणूने हे काम होते असे स्वतंत्रपणे दाखवून दिले. प्रोलीनचा नायट्रोजन एका घटकाला तात्पुरता बांधून घेतो आणि त्याचा आम्लगट दुसऱ्या घटकाला हायड्रोजन बंधाने योग्य दिशेला धरून ठेवतो. 2021 चे नोबेल या कामाला मिळाले. औषधनिर्मितीत याचे मोल अधिक आहे, कारण धातू वापरला की तो शेवटी काढावा लागतो. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे.

उत्प्रेरक बदलला की काय बदलते, हे मला सिटाग्लिप्टिनच्या उदाहरणावरून सांगायला आवडते. टाइप 2 मधुमेहावरच्या या औषधात एका कार्बनवर नायट्रोजनचा अमीन गट योग्य बाजूने बसवावा लागतो. आधीच्या पद्धतीत हे काम ऱ्होडियम या जड धातूचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन वापरून होत असे. पण बाजूची निवड पूर्ण होत नसल्यामुळे पुन्हा स्फटिकीकरण करावे लागे, आणि ऱ्होडियम काढून टाकणे हे वेगळेच काम असे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी त्याऐवजी ट्रान्सअमिनेज हे, अमीन गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारे एन्झाइम घ्यायचे ठरवले. निसर्गात मिळणाऱ्या त्या एन्झाइमची खाच इतकी अरुंद होती, की ज्यापासून सिटाग्लिप्टिन तयार होते तो कीटोन तिच्यात मावतच नव्हता आणि अभिक्रिया मोजण्याइतकीसुद्धा होत नव्हती. त्यांनी आधी त्याच कीटोनचे लहान रूप घेऊन खाच थोडी मोठी केली, मग एन्झाइमची बदललेली रूपे तयार करून त्यांतली सरस निवडत पूर्ण रेणूकडे सरकले, आणि अखेरीस 27 बदल झालेले एन्झाइम हाती आले. निम्मे पाणी आणि निम्मे डायमिथिल सल्फॉक्साइड हे सेंद्रिय द्रावक अशा द्रावणात, जिथे बहुतेक प्रथिने निकामी होतात, ते नेटाने काम करते आणि जवळजवळ फक्त हवी तीच बाजू देते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एकूण उत्पादन 10 ते 13 टक्क्यांनी वाढले, टाकाऊ पदार्थ 19 टक्क्यांनी घटले आणि त्या टप्प्यातून जड धातू पूर्ण हद्दपार झाला. एन्झाइम असे घडवत नेण्याची रीत फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी रुजवली आणि 2018 च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र अशी विभागणी करून विचारलेल्या प्रश्नाला माझ्या मते याहून स्पष्ट उत्तर नाही.

जिवंत पेशीत, तिथल्या हजारो रेणूंना धक्का न लावता हवे तेवढे दोनच गट जोडणाऱ्या अभिक्रियाही आता आहेत. त्या दिशेच्या कामासाठी 2022 चे नोबेल कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना मिळाले. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

सध्या माझे सर्वात जास्त लक्ष वेधून घेणारे काम रेणूचा सांगाडाच बदलण्याचे आहे. आतापर्यंत वलयातला एखादा अणू बदलून पाहायचा असेल तर बहुधा पहिल्या पायरीपासून नव्याने संश्लेषण करावे लागे, आणि त्यामुळे असे कितीतरी रेणू कुणी करूनच पाहिले नाहीत. 2021 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या मार्क लेव्हिन यांच्या गटाने दुय्यम अमीनमधला, म्हणजे दोन कार्बनना जोडलेला, नायट्रोजन थेट काढून टाकण्याची पद्धत मांडली: तो नायट्रोजन वायूच्या रूपात निघून जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कार्बन एकमेकांना जोडले जातात. तयार रेणूवर, शेवटच्या टप्प्यावर हे करता येते, हे त्याचे खरे महत्त्व. अडचण अशी, की त्यासाठी लागणारा अभिकर्मक, म्हणजे हा बदल घडवणारे रसायन, उत्प्रेरकासारखा पुन्हा पुन्हा कामी येत नाही. जितके रेणू बदलायचे तितका तो खर्च होतो. अशा सांगाडाबदलासाठी उत्प्रेरक सापडले, तर 2016 च्या त्या विश्लेषणातली यादी बदलायला सुरुवात होईल, आणि पुष्कळ प्रयोगशाळा आज त्याच मागे आहेत.