ॲलर्जी नाही, फक्त सोसत नाही

आमच्या शाळेच्या प्रवेश अर्जावर ‘ॲलर्जी असल्यास नमूद करावी’ असा एक रकाना कित्येक वर्षांपासून आहे, आणि तितकीच वर्षे बहुतेक पालक त्यात ‘नाही’ असे लिहीत आले आहेत. मालवण तालुक्यातील या खाडीकाठच्या गावात मी १८ वर्षे शिकवते आहे, पण त्या ‘नाही’बद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, वनभोजनाच्या दिवशी.

ओल्या काजूगरांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. गावातल्या दोन घरांनी हौसेने सोललेले गर पाठवले आणि मुलांनी चुलीवर उसळ केली. पंगत बसून दहा मिनिटेही झाली नसतील, तोच सहावीतली एक मुलगी ओठांना खाज येते म्हणून माझ्याकडे आली. ओठ सुजलेले दिसत होते. आम्ही तिथे तिघे शिक्षक होतो आणि तिघांनीही एकच निदान केले : चीक लागला असणार. काजूचा नाहीतर आंब्याचा चीक लागून ज्याच्या तोंडाची कातडी कधी गेली नाही, असा माणूस आमच्या भागात विरळाच. आम्ही तिचे तोंड धुतले, खोबरेल लावले आणि तिला सावलीत बसवले. थोड्या वेळाने हातांवर आणि पोटावर गांधी उठल्या, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी आमसुलाचे पाणी करून तिच्या अंगाला चोळले, कारण पित्त उठले की आपल्याकडे तेच करतात. मग ती सारखी खोकू लागली, तिचा आवाज घोगरा झाला, एक उलटी झाली आणि त्यानंतर ती एकदम गप्प झाली. ते गप्प होणे पाहून मी घाबरले. तोवर वीस मिनिटे निघून गेली होती. त्यावर आणखी एक चूक म्हणजे आम्ही तिला हाताला धरून, चालवत रस्त्यावरच्या रिक्षापर्यंत नेले.

आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तिला आडवे झोपवले, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. हा त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो, म्हणून तिला ग्रामीण रुग्णालयात रात्रभर देखरेखीखाली ठेवले. तिथे तिची आई आली. अर्जातील ‘नाही’ची आठवण मी काढली, हे त्या क्षणी बरे नव्हते, पण काढली खरी. त्या माउलीने अगदी सरळपणे उत्तर दिले, “बाई, ॲलर्जी-बिलर्जी काय नाय तिका. काजू तेवढे सोसनत नाय.”

तिने काहीही लपवले नव्हते. मुलीला काजू सोसत नाहीत, ते खाल्ल्यावर तिला पित्त उठते, हे घरात सर्वांना माहीत होते आणि म्हणून घरात तिला कोणी काजू देत नव्हते. अर्जाने मात्र त्यांना एक वेगळाच शब्द विचारला. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातील डॉक्टरांनी घडवला, तो आपल्याकडे दवाखान्यातून आला आणि अजून दवाखान्यातच राहिला आहे. घरातली माणसे ‘बाधते’, ‘सोसत नाही’, ‘वावडे आहे’, ‘पित्त उठते’, ‘घसा धरतो’ असे म्हणतात. यातील ‘पित्त’ हा शब्द तर फारच फसवा आहे. त्यात जागरणाने होणारी आंबट ढेकरही येते आणि काजू खाल्ल्यावर पाच मिनिटांत उठणारी गांधही येते, त्यामुळे दोन्हींवर उपाय एकच, आमसूल. मला आमसुलाविषयी काही तक्रार नाही. मात्र घशाच्या आत सूज येते, तेव्हा बाहेरून चोळलेले कोणतेही पाणी तिथवर पोहोचत नाही.

चीक आणि ॲलर्जी यांतील फरक मला त्यानंतर डॉक्टरांकडून नीट समजला. काजूच्या टरफलातील तेलाने किंवा आंब्याच्या चिकाने होणारा दाह हा कातडीपुरता असतो. तो बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो आणि जिथे चीक लागला तिथेच फोड येतो. काजूगर खाल्ल्यावर उठणारा त्रास गरातील प्रथिनांमुळे होतो. तो काही मिनिटांत सुरू होतो आणि ओठांवरून कातडीवर, पोटात, श्वासात, रक्तदाबात असा सर्वत्र पसरू शकतो. आम्ही पाहिली ती सूज दहा मिनिटांच्या आत आली होती, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली असती तरी पुरे होते.

आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत, हे कळल्यावर त्या आईने पहिला प्रश्न विचारला तो आंब्याचा. देवगडचे हापूस ज्या घरात पेटीने येतात, तिथे हा प्रश्न लहान नसतो. डॉक्टरांनी तिला सांगितले की मुलगी आजवर आंबा विनात्रास खात आली आहे, तर तो तोडण्याचे कारण नाही. पिस्त्यापासून मात्र तिला कटाक्षाने दूर ठेवा, कारण काजू ज्यांना बाधतो त्यांतील बहुतेकांना पिस्ताही बाधतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. घाबरून मुलाच्या ताटातील निम्मे पदार्थ काढून टाकणे ही काळजी नव्हे.

जूनमध्ये आम्ही अर्जातील तो रकाना खोडून त्या जागी तीन प्रश्न घातले. कोणता पदार्थ खाल्ल्यावर मुलाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, घसा खाजतो किंवा लगेच उलटी होते? गांधीलमाशी, मधमाशी चावल्यावर चावलेल्या जागेखेरीज अन्यत्र सूज येते का? मुलाला दमा आहे का? शेवटचा प्रश्न डॉक्टरांनी आग्रहाने घालायला लावला, कारण दमा असलेल्या मुलाला असा झटका आला तर तो अधिक जीवघेणा ठरू शकतो.

स्वयंपाकघरातील बदल त्या मानाने सोपे होते. पोषण आहाराच्या ताईंना यादी वाचून दाखवली आणि डाव प्रत्येक भांड्याला वेगळा ठेवायला सांगितला. अवघड होता तो डबा. वाटून खावे, असे आम्हीच पहिलीपासून शिकवतो. त्यात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा डब्यांतून जवळ्याची चटणी आणि सोड्यांची भाजी, म्हणजे सुकवलेली लहानमोठी कोलंबीच, येते. कोलंबीवर्गातील ज्या प्रथिनाने त्रास होतो ते शिजवून वा सुकवून नष्ट होत नाही, त्यामुळे चिमूटभर जवळाही कोलंबीइतकाच खरा. ‘वाटू नका’ असे सांगणे मला जिवावर आले. शेवटी आम्ही नियम केला तो असा, की द्यायचे असेल तर आधी ‘यात काय आहे’ ते सांगायचे आणि समोरच्याने ‘नको’ म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही. कोकणी माणसाला यातील दुसरा भाग पहिल्याहून जड जातो. वाढदिवसाला वाटायची मिठाई बंद पुड्याची असावी, असेही ठरवले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर काजू-बदाम, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, कोळंबीवर्गीय प्राणी यांचा उल्लेख असावा लागतो, पण जत्रेतल्या सुट्या मिठाईला कसले पाकीट आणि कसला उल्लेख!

औषधाचा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. परदेशातील मुले दप्तरात ठेवतात ते ॲड्रेनलिनचे तयार पेन आमच्या बाजारपेठेतील एकाही औषधाच्या दुकानात मिळाले नाही. म्हणून डॉक्टरांनी त्या मुलीसाठी कुपी आणि सिरिंज लिहून दिली. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, या हिशेबाने तिच्या ३० किलोंना ०.३ मिलिग्रॅम, हे त्यांनी कागदावर लिहून सही केली आणि तिची आई, मी व आणखी एक शिक्षक अशा तिघांकडून मोसंब्यात पाणी टोचून सराव करून घेतला. कुपी मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात, उजेडापासून दूर ठेवतो. दर महिन्याला तिची मुदत पाहतो आणि आतले औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसू लागले तर ते टाकायचे, हे लक्षात ठेवतो. ज्या मुलांचे निदान झालेले नाही त्यांच्यासाठी मात्र शाळेत काहीच नाही. त्यांच्यासाठी आहे तो १०८ क्रमांक. त्याचीही तालीम घ्यावी लागली, कारण आमच्या शाळेत मोबाईलला रेंज फक्त विहिरीपाशी मिळते. आता एकाने विहिरीपाशी धावायचे, एकाने फाट्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवायची आणि एकाने मुलाजवळून हलायचे नाही. मुलाला उभे करायचे नाही की चालवायचे नाही. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवायचे, नाहीतर आडवे ठेवायचे. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसायचे नाही, कारण ती गोळी गांधी शमवते, घशाची सूज नव्हे.

या जूनमध्ये ४१ अर्ज परत आले. मागील वर्षी याच घरांतून ‘नाही’ची रांग आली होती. यंदा दोघांनी कोलंबी लिहिली, एकाने अंडे, एकीने शेंगदाणे, आणि एका आजोबांनी नातवासाठी ‘गांधीलमाशी चावून एकदा शुद्ध हरपली होती’ असे लिहिले, जे त्यांनी आजवर कोणत्याही डॉक्टरला सांगितले नव्हते. आठवीतल्या एका मुलाने अर्ज स्वतःच भरला होता. त्याच्या अक्षरात लिहिले होते, ‘कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्यावर घसा खाजतो आणि ओठ जाड होतात, तरी खातो.’ त्याच्या वडिलांची होडी सध्या किनाऱ्यावर ओढलेली आहे, म्हणून त्यांना सोमवारी शाळेत बोलावले आहे.