पिनांग ते फुकेत: एका रात्रीचे बिल

सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, जहाजावरच्या दवाखान्यात नेले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि पिनांगचे दिवे मागे पडून बराच वेळ झाला होता. 2024 च्या नोव्हेंबरमधली ही गोष्ट आहे. सिंगापूरहून निघून मलेशियातले पिनांग आणि थायलंडमधले फुकेत करून परत सिंगापूर अशी चार रात्रींची ती सहल होती. आम्ही ती ठाण्यातल्या एका पर्यटन कार्यालयामार्फत घेतली होती आणि तिकिटांबरोबर प्रवास विमाही त्यांनीच काढून दिला होता. जेवणानंतर अण्णांना उलट्या सुरू झाल्या, घाम फुटला आणि छातीत काहीतरी दाटल्यासारखे होत आहे असे ते म्हणाले. एकाहत्तर वर्षांच्या, बारा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाने असे म्हटल्यावर लिंबूपाणी देऊन वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

जहाजावरचा दवाखाना बहुतेक वेळा प्रवाशांच्या सर्वांत खालच्या एखाद्या डेकवर असतो, कारण बंदराला लागल्यावर किंवा होडी लावल्यावर स्ट्रेचर तिथून सरळ बाहेर काढता येते. आतली व्यवस्था मी कल्पना केली होती त्यापेक्षा कितीतरी चांगली निघाली. ईसीजी, एक्स-रे, हृदयाच्या स्नायूंना इजा झाली आहे का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी, हृदयाला विजेचा झटका देण्याचे यंत्र, व्हेंटिलेटर हे सारे तिथे होते. मोठ्या क्रूझ कंपन्या अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ही सामग्री ठेवतात, हे मला नंतर कळले. जे तिथे नसते तेही सांगायला हवे: अँजिओग्राफी नसते, हृदयरोगतज्ज्ञ नसतो आणि रक्तपेढी नसते. रुग्णाला स्थिर करणे आणि पुढच्या बंदरात उतरवायचे की नाही हे ठरवणे, एवढेच त्या दवाखान्याचे खरे काम असते.

परिचारिकेने अण्णांना पलंगावर घेतले, तारा लावल्या आणि माझ्या हातात एक कागद दिला. सेवेचे शुल्क केबिनच्या खात्यावर लावले जाईल, त्याची जबाबदारी प्रवाशाची राहील आणि विम्याची रक्कम प्रवाशाने नंतर स्वतः मिळवायची आहे, असे त्यावर स्वच्छ लिहिले होते. मी सही केली. ज्या कार्डाने केबिनचे दार उघडते आणि कॉफी मिळते, तेच कार्ड परिचारिकेने यंत्रावर टेकवले. विमा कंपनीचे नाव कुणी विचारले नाही. आपल्याकडे रुग्णालयात शिरल्याबरोबर पहिल्या खिडकीवर मेडिक्लेमचे कार्ड मागतात, त्यामुळे कॅशलेस हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की जहाजावर तो चालत नाही हे आधी कुणी सांगितलेले असूनही मनावर ठसत नाही. तिथे पैसे आधी तुमचे जातात, विमा मागाहून येतो.

डॉक्टर दक्षिण आफ्रिकेच्या होत्या. पहिला ईसीजी आणि पहिली ट्रोपोनिन तपासणी ठीक होती, परंतु ती काही तासांनी पुन्हा करावी लागते. दुसऱ्या वेळी आकडा वाढलेला निघाला तर सकाळी फुकेतला यांना उतरवावे लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आमचे जहाज फुकेतला धक्क्याला लागणार नव्हते, पातोंगच्या समुद्रात नांगर टाकून प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेणार होते. म्हणजे अण्णांनाही त्याच होडीने न्यावे लागणार होते. कंपनीचा स्थानिक एजंट किनाऱ्यावर रुग्णवाहिका घेऊन उभा राहतो, पण खाजगी रुग्णालय दाखल करून घेण्यापूर्वी अनामत रक्कम किंवा विमा कंपनीचे हमीपत्र मागते. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेले अण्णा इतका वेळ डोळे मिटून पडले होते. ते एकदम म्हणाले, "अगं, याचे किती होतील ते आधी विचार तिला." मी विचारले नाही. हे त्यांनी अजूनही मला माफ केलेले नाही.

तोपर्यंत माझ्या नवऱ्याने केबिनमध्ये जाऊन जहाजाच्या महागड्या वायफायवर पॉलिसीची पीडीएफ उघडली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती व्हॉट्सॲपवर आली होती आणि बॅगा भरण्याच्या गडबडीत आम्ही ती फक्त जपून ठेवली होती, वाचली नव्हती. पूर्वीपासूनच्या आजारांच्या रकान्यात चौघांच्याही नावापुढे "नाही" असे छापलेले होते. पर्यटन कार्यालयातल्या मुलीने अर्ज भरताना आम्हाला वय आणि पासपोर्ट क्रमांक विचारले होते, आजार विचारले नव्हते. आम्हीही आपण होऊन सांगितले नव्हते. ज्या पर्यायाने हप्ता सर्वांत कमी येतो तो तिने निवडला. रागावण्याचा हक्क आम्हाला अर्धाच होता, कारण अर्ज कुणीही भरला तरी त्यातल्या माहितीची जबाबदारी विमा घेणाऱ्याची असते.

नवरा खाली आला आणि कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाला, "डॉक्टरांना डायबेटिसचं सांगायचंच का?" हा प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण तो वाईट माणसाचा प्रश्न नव्हता, मध्यरात्री समुद्रात डॉलरचे मीटर फिरताना ऐकणाऱ्या मुलाचा प्रश्न होता. परंतु तोवर सासूबाईंनी पर्समधून सोमवार ते रविवार असे खण असलेली गोळ्यांची डबी काढून परिचारिकेच्या पुढ्यात ठेवली होती आणि प्रत्येक गोळी कशाची हे त्या मराठीतच तिला समजावून देत होत्या. परिचारिकेने डबीचा फोटो घेतला. केस पेपरवर मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लिहिले गेले. ते बरेच झाले, कारण रुग्णाचे जुने आजार आणि चालू गोळ्या माहीत नसताना कुठल्याही डॉक्टरला उपचार नीट ठरवता येत नाहीत.

विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आम्ही रात्री दीड वाजता फोन लावला. पलीकडच्या माणसाने आजार विचारला, जहाज कुठे आहे ते विचारले आणि एक संदर्भ क्रमांक दिला. जहाजावरचे बिल आम्हीच भरायचे आणि नंतर दावा करायचा. मात्र फुकेतला दाखल करावे लागले तर लगेच कळवायचे, म्हणजे रुग्णालयाशी तो थेट बोलेल, असे त्याने सांगितले. त्या एका वाक्याने मला विम्याचा खरा उपयोग कळला. जहाजावरच्या बिलाने महिन्याचा हिशेब कोलमडतो, घर बुडत नाही. परदेशातला अतिदक्षता विभाग, डॉक्टर बरोबर असलेले हवाई रुग्णवाहिकेचे उड्डाण, सोबतच्या माणसाचा हॉटेलमधला मुक्काम आणि ऐनवेळची परतीची तिकिटे यांचा खर्च मात्र आयुष्यभराची पुंजी खाऊ शकतो. क्रूझ कंपनीच्या तिकिटाच्या करारातही हा सगळा खर्च प्रवाशाचाच असतो. पॉलिसी निवडताना आपण बॅग हरवण्याची भरपाई किती हे आवडीने वाचतो. वाचायचा असतो तो रुग्णाला हलवण्याच्या आणि मायदेशी आणण्याच्या खर्चाचा परिच्छेद, आणि साठीच्या वरच्या माणसासाठी खोली, अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळ्या मर्यादा घातल्या आहेत का हे सांगणारा तक्ता.

दुसरी तपासणीही ठीक आली. जठराला आलेली सूज आणि शरीरातले कमी झालेले पाणी, एवढेच निदान निघाले. पहाटे पाच वाजता अण्णा स्वतःच्या पायांनी केबिनमध्ये आले आणि बिल 1,462 डॉलर झाले. रात्रीच्या वेळचे तपासणी शुल्क, दोन ईसीजी, दोनदा रक्त, सलाईन आणि तासागणिक निरीक्षण असे सारे त्यात होते. रुपयांत ते सव्वा लाखाच्या आसपास गेले. शिवाय परकीय चलनात खर्च केल्याबद्दल बँकेने साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावला, तो पाच हजारांच्या वर गेला आणि तो कुठलीही विमा कंपनी देत नाही. क्रेडिट कार्डाची मर्यादा प्रवासाआधी वाढवून घ्यावी असे मी आता सगळ्यांना सांगते. विम्याइतकीच ती गरजेची आहे.

उतरण्यापूर्वी दवाखान्यातून तपशीलवार बिल, डॉक्टरांच्या सहीचा केस पेपर आणि तपासण्यांचे निकाल मागून घेतले. एरवी केबिनच्या हिशेबात "वैद्यकीय सेवा" एवढी एकच ओळ येते आणि तिच्यावर दावा उभा राहत नाही. मुंबईत आल्यावर दाव्यासाठी पासपोर्टवरचे शिक्के मागितले गेले. सिंगापूर आता शिक्का मारत नाही, ईमेलवर पास पाठवते, तो सुदैवाने मी पुसला नव्हता. अर्जातल्या "नाही"बद्दल आम्ही सरळ पत्र लिहून चूक कबूल केली आणि कुटुंबाच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. नऊ आठवड्यांनी, शंभर डॉलरची ठरलेली वजावट (प्रत्येक दाव्यातली आपणच सोसायची रक्कम) आणि काही किरकोळ वस्तू कापून, एक लाख बारा हजार रुपये खात्यात आले. हा त्रास जुन्या आजाराशी संबंधित नाही असे कंपनीने धरले होते. ट्रोपोनिन वाढलेले निघाले असते तर हेच पत्र आमच्यावर उलटले असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजार नोंदवलेला असला तरी आपल्याकडच्या अनेक पॉलिसी त्यासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जायचे. त्याचे कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे आणि तिथे वकील लागत नाही.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजांबद्दल मैत्रिणी विचारतात की देशातल्या देशात आपले मेडिक्लेम पुरेल ना. त्या पॉलिसीतली रुग्णालयाची व्याख्या काढून वाचावी. नोंदणीकृत रुग्णालय, आणि नोंदणी नसेल तर लोकसंख्येप्रमाणे किमान दहा किंवा पंधरा खाटा आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह, अशी ती व्याख्या आहे. जहाजावरचे चार पलंग त्यात कसे बसवायचे, हे कंपनीला आधी ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. फ्लोरिडातल्या माझ्या मावशीला मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा, आहे, पण तेही जहाज अमेरिकेच्या बंदरात असताना किंवा बंदरापासून सहा तासांच्या आत असतानाच जहाजावरच्या उपचारांचे पैसे देऊ शकते. ती कॅरिबियनला जाताना वेगळी पॉलिसी घेते.

येत्या मे महिन्यात बार्सिलोनाहून निघणाऱ्या जहाजाचे आरक्षण केले आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा विमा लागतोच, पण ती व्हिसाची अट आहे, अण्णांची गरज नव्हे. म्हणून आम्ही बरीच मोठी रक्कम घेतली. अर्ज यावेळी घरच्या जेवणाच्या टेबलावर भरला. अण्णांनी चष्मा लावून डबीतली एकेक गोळी पुढे सरकवली, मी नावे लिहीत गेले. हप्ता गेल्या वेळच्या जवळजवळ तिप्पट आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ती गुडघ्याची लिहिलीस का?"