पांढऱ्या गाईचं वासरू

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर पोचलो. गाय श्वेता कपिला, म्हणजे गोव्याची पांढरी गावठी जात; पहिलटकरीण. शेजाऱ्याने वासरू ओढून काढलेलं, नाळ बेंबीलगत कोयत्याने कापलेली, बांधलेली नाही. नाळ ताणून तुटली तर तिच्या धमन्या आत सरकून मिटतात. धारेने कापली की वाहत राहतात. किती गोठ्यांत हे सांगितलं असेल मी!

"दोतोर, आधी गाय राखा," आजी म्हणाली. ओढाओढीत गाय आतून फाटली होती. विजेरीच्या उजेडात, कोपरापर्यंत हात घालून वाहती शीर चाचपायची, चिमट्यात धरायची, बांधायची, तासभर गेला. मग वासराची बेंबी बांधली, चीक पाजला. ते उभं होतं. त्याच्या रक्ताचा नमुना दवाखान्यात यंत्रात फिरवला तर पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा शेकडा हिस्सा, ३३. मी निर्धास्त झोपलो.

तिथेच चुकलो. ताज्या रक्तस्रावात पेशी आणि पाणी सारखंच जातं, म्हणून आकडा हलत नाही. शरीर ऊतींतलं पाणी रक्तात ओढायला लागलं की तो घसरतो. त्यात चीक पोटात गेला की नवजात वासराचं रक्त आणखी पातळ होतं. सकाळी पीसीव्ही १८. कान गार, वासरू उठेना.

३०० किलोच्या गाईत सुमारे २० लिटर रक्त. १८ किलोच्या वासरात जेमतेम दीड; अर्धा लिटर सांडलं तर तिसरा हिस्सा गेला. त्या थारोळ्यात कुणाचं किती, हे मी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या गाईच्या मानेतून माणसांसाठीच्या ३५० मिलीच्या पिशवीत रक्त घेतलं. गुरांमध्ये पहिल्या खेपेला गट न जुळवताही ते सहसा चालून जातं. तरी पहिली दहा मिनिटं अगदी थेंब-थेंब सोडलं, वासराच्या छातीवर हात ठेवून. या पिशव्या मी पदरच्या पैशाने ठेवतो. गुरांच्या दवाखान्यात त्या असाव्यात, असं अजून कुणाला वाटत नाही.

दुपारी ते उठलं.

पाचव्या दिवशी काचपट्टीवर गाईच्या तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले: हाडांतली मज्जा नव्या पेशी बनवायला लागली होती. वासराच्या पट्टीवर तुरळक. जन्मल्यावर फुप्फुसांतून भरपूर प्राणवायू मिळतो, म्हणून नवं रक्त बनवण्याचा शरीराचा निरोप काही काळ मंदावतो. आणि दुधात लोह नसल्यातच जमा.

तीन आठवड्यांनी गाय चरायला जात होती. वासराला लोहाचं इंजेक्शन दिलं. "पांढऱ्या गाईचं ते, पांढरंच असायचं," आजी म्हणाली. मी दोघांच्या पापण्या शेजारी-शेजारी उलटून तिला दाखवल्या. गाईची गुलाबी होती.