दुसऱ्याची रोजनिशी

गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांची डायरी वाचताना आज चक्क चिडचिड झाली. माणूस नोव्हेंबर १९१७ पासून १४ ऑगस्ट १९४२ पर्यंत लिहितोय आणि पानंच्या पानं गांधींची. बापू कुणाला काय म्हणाले, कुठलं पत्र कसं सांगितलं, भेटायला कोण आलं. लिहिणाऱ्याला स्वतःला काय वाटलं, ते क्वचित. मी तर एक लोकल चुकली तरी अर्धं पान कुरकुरतो.

गुजराती मला गिरगावातल्या शेजाऱ्यांच्या कृपेने बऱ्यापैकी कळतं. मणिभवनात, म्हणजे मुंबईतल्या गांधी संग्रहालयात, लोक चरखा बघायला वर जातात, मी तळमजल्यावर ग्रंथालयात बसलो होतो. येरवड्याचा १९३२ चा भाग. तुरुंगात तिघं: गांधी, वल्लभभाई, महादेवभाई. वल्लभभाई रद्दी कागदांची पाकिटं करतात, त्या वयात संस्कृतचे धडे गिरवतात आणि बापूंची फिरकी घेतात. बापूंना खायच्या सोड्याचं भारी कौतुक, तर कुठलाही अवघड प्रश्न आला की वल्लभभाईंचा तोडगा ठरलेला: टाका सोडा! ग्रंथालयात मोठ्याने हसता येत नाही, पंचाईत झाली.

मग वाटलं, आपण महादेवभाईंना चुकीच्या जागी शोधतोय. हे टिपून ठेवावंसं कुणाला वाटलं? त्यांनाच ना!

मूळचा हा माणूस अनुवादक. एल्फिन्स्टनमधून बी. ए., मग वकिली शिकताना इथेच, मुंबईत, सरकारी ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत नोकरी. इंग्रज लेखक मोर्लेचं ‘ऑन कॉम्प्रोमाइज’ गुजरातीत आणलं, त्याला फार्बस गुजराती सभेचं हजार रुपयांचं बक्षीस. टागोरांची ‘चित्रांगदा’, पुढे नेहरूंचं आत्मचरित्र गुजरातीत. आणि गांधींची आत्मकथा इंग्रजीत, दोन खंड, १९२७ आणि १९२९. आजही जग गांधींचं म्हणून जे इंग्रजी वाचतं, त्यातलं बरंचसं यांच्या हातचं.

त्या आत्मकथेच्या १९४० च्या आवृत्तीची प्रस्तावना मला फार आवडते. शेवटच्या भागातली २९ ते ४३ ही प्रकरणं सहकारी प्यारेलाल यांनी केली, कारण आपण तेव्हा बारडोलीच्या शेतसारा-चौकशीच्या कामात होतो, हे स्वच्छ सांगितलंय. भाषा तपासणाऱ्या विद्वानाने मात्र नाव न छापण्याची अट घातली होती, तीही पाळली. (ते श्रीनिवास शास्त्री, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.) दुसऱ्याचं श्रेय चोख, स्वतःबद्दल आवाज खाली. डायरीतही तेच.

तरी माझी तक्रार आहेच. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे इथल्याच बिर्ला हाउसमधून गांधींबरोबर त्यांना उचललं, १५ तारखेला आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच वारले. वय अवघं ५०. १९५५ साली साहित्य अकादमीने गुजरातीचा पहिला पुरस्कार या डायरीला दिला, तोही मरणोत्तर. घरी पत्नी दुर्गाबेन होत्या, मुलगा नारायण होता. त्यांच्याबद्दल आणखी चार ओळी लिहिल्या असत्या तर गांधींचं काय कमी होणार होतं?

पुढच्या खेपेला १९१७ चा भाग मागायचाय. तेव्हा ते २५ वर्षांचे. त्या वयात माणसाला इतकं गप्प राहणं जमत नसावं, असा आपला माझा अंदाज.