पाच जणींची बॅच

मोठ्या जिमचे पैसे वर्षभर भरले, पण वजनांच्या कोपऱ्यात कधी पाऊल टाकलं नाही. तिथे आरसे भरपूर, विचारायला कुणी नाही. आता कोथरूडमध्ये वजनं उचलायला शिकणारी आमची पाच जणींची बॅच आहे, मंगळवार-शुक्रवार. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं वजन वाकून उचलताना, माझी पाठ गोल व्हायची. सरांनी पाठीवर काठी उभी धरली. डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही तिला टेकलेलं ठेवून खुब्यातून वाकायचं. तीन आठवडे नुसती काठी! चिडलेच होते मी. मग 15 किलोचा बार, आता एकूण 40. वजन कधी वाढवायचं हे सर वहीत बघून ठरवतात, माझा उत्साह बघून नाही. दांडी मारली की चौघींचे फोन. परवा भरलेला सिलिंडर मीच उचलून आत नेला. नवरा पेपर खाली ठेवून बघत राहिला.